मेणाचं नाक

ग्लॅडिस डीकन बावीस वर्षांची होती तेव्हा तिने नाकाच्या दांड्यात मेण टोचून घेतलं. नाकात दोष नव्हता. पॅरिस आणि लंडनच्या श्रीमंत घरांत तिच्या रूपाची चर्चा होती. तिला फक्त कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सरळ रेघ हवी होती, जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या चेहऱ्यावर असते तशी. त्यानंतर ती चौऱ्याहत्तर वर्षं जगली. मेणाचे परिणामही तिच्यासोबत तेवढीच वर्षं राहिले.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचं कारण साधं आहे. चेहऱ्यात काही तरी टोचून तो भरून काढण्याचा उपचार, ज्याला फिलर म्हणतात, आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. मोबाइलवरच्या जाहिरातींतून तो अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या घरांत पोचला आहे. चौकशी करणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: कोणतं फिलर चांगलं, किती दिवस टिकतं, खर्च किती? ग्लॅडिसचं आयुष्य वाचलं की त्याआधीचा एक प्रश्न पुढे येतो. टोचलेलं नको झालं, तर ते परत काढता येईल का?

गाजलेलं घराणं, गाजलेलं रूप

ग्लॅडिसचा जन्म ७ फेब्रुवारी १८८१ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील दोघेही श्रीमंत अमेरिकन. वडील एडवर्ड पार्कर डीकन बोस्टनचे, आई फ्लॉरेन्स देखणी आणि समाजात वावरणारी. चार बहिणींच्या या घराला १८९२ मध्ये तडा गेला. फ्रान्समधल्या कान शहरातल्या एका हॉटेलात वडिलांनी आईच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. तो मेला, वडील तुरुंगात गेले, पुढे घटस्फोट झाला. अकरा वर्षांच्या मुलीच्या घरातली भानगड दोन खंडांतल्या वर्तमानपत्रांनी चवीने छापली. काही काळाने वडील तिला अमेरिकेला घेऊन गेले. त्यांचा स्वतःचा शेवट १९०१ मध्ये मनोरुग्णालयात झाला.

अमेरिकेत असताना, १८९५ मध्ये, चौदा वर्षांच्या ग्लॅडिसने एक बातमी वाचली. इंग्लंडचे नववे ड्यूक ऑफ मार्लबरो हे रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट यांच्या घरातल्या कॉन्सुएलो या मुलीशी लग्न करणार होते. आपण वयाने आणखी मोठ्या असतो तर हा ड्यूक आपल्याला मिळाला असता, अशी हळहळ तिने आईला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. पोरवयातली ही इच्छा सव्वीस वर्षांनी खरी झाली.

हे ड्यूक म्हणजे विन्स्टन चर्चिल यांचे चुलतभाऊ. ऑक्सफर्डजवळचा त्यांचा ब्लेनम पॅलेस हे चर्चिल यांचं जन्मस्थान. चर्चिल पंतप्रधान असतानाच १९४२ मध्ये पंडित नेहरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नगरच्या किल्ल्यात डांबलं गेलं, एवढं सांगितलं की हे घराणं आपल्याला फार दूरचं वाटणार नाही.

विसाव्या वर्षाच्या सुमाराला ग्लॅडिस या राजवाड्यात पाहुणी म्हणून पोचली आणि डचेस कॉन्सुएलोची जवळची मैत्रीण झाली. १९०१ मध्ये जर्मनीचा युवराज ब्लेनमला आला, तिच्यावर भाळला आणि त्याने तिला अंगठी दिली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे कैसरने, ती परत मागवून घेतली. तिच्या चाहत्यांत राजपुत्रांपेक्षा लेखक-कलावंतच जास्त होते. शिल्पकार रोदँ, चित्रकार मोने, लेखक आनातोल फ्रान्स आणि मार्सेल प्रूस्त अशांच्या वर्तुळात ती वावरली. बोल्दिनीने तिचं चित्र रंगवलं. ती नुसती देखणी नव्हती. तिला अनेक भाषा येत, चित्रकला आणि साहित्यावर ती जाणकारांशी बरोबरीने बोले.

अशा मुलीला आरशात काय कमी दिसलं असेल? कपाळ आणि नाक यांच्या मधला जरासा खोलगट भाग. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो तसाच. पण सतत रूपाचीच स्तुती ऐकत वाढलेल्या माणसाला ते रूप म्हणजे आपली सगळी कमाई वाटू लागते, आणि कमाईतला एक पैसाही कमी चालत नाही. त्यात त्याच सुमाराला युरोपात एक नवा उपाय गाजत होता.

बिनशस्त्रक्रियेचा उपाय

व्हिएन्नातले शल्यचिकित्सक रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९ मध्ये एक प्रयोग केला. क्षयामुळे अंडकोष काढून टाकावे लागलेल्या एका तरुणाच्या त्या रिकाम्या जागी त्यांनी व्हॅसलीनसारखं मऊ पॅराफिन टोचलं. आकार भरून आला, जखम नाही, टाके नाहीत. गेरसुनींनी हा अनुभव प्रसिद्ध केला आणि काही वर्षांतच पॅराफिन बसलेल्या नाकांत, सुरकुत्यांत, खोल गालांत, स्तनांत जाऊ लागलं. सोपं, झटपट आणि चिरफाडीशिवाय, ही त्या काळची भलामण आजच्या जाहिरातींत तशीच्या तशी सापडते.

पॅराफिन खनिज तेलापासून मिळतं. मेणबत्तीचं मेण त्याचंच भावंड. शरीराला ते पचवता येत नाही, विरघळवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. सुरुवातीला सगळं छान दिसतं. मग शरीराच्या संरक्षक पेशी त्या परक्या पदार्थाभोवती गोळा होतात, त्याला वेढतात, आणि त्या वेढ्याचे कठीण, व्रणासारखे गोळे बनतात. यांना पॅराफिनोमा म्हणतात. ते काही महिन्यांनी दिसतात, कधी कित्येक वर्षांनी. मेण मूळच्या जागेवरून सरकतं ते वेगळंच. मऊ पॅराफिन तर उष्णतेने आणखी मऊ पडतं. आपल्याकडच्या वैशाखात ते नाकावर कसं टिकलं असतं, याची कल्पना केलेली बरी.

त्याहून मोठा धोका रक्तवाहिनीचा होता. टोचताना सुई रक्तवाहिनीत शिरली तर मेण रक्तासोबत वाहत जाऊन फुप्फुसात किंवा डोळ्यात अडकायचं. पॅराफिननंतर अंधत्व आल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच झाल्या होत्या. हळूहळू युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हा उपाय सोडून दिला.

ग्लॅडिसने मात्र तो ऐन भरात असताना, १९०३ च्या सुमाराला केला. व्हायचं तेच झालं. मेण नाकावर टिकलं नाही, ते खाली सरकत हनुवटीकडे गेलं. नाकाचा दांडा बेढब झाला, जबड्याजवळ गाठी आल्या. ते काढून टाकायचा मार्ग नव्हता. मेण आणि मांस एकमेकांत असं गुंततं की एक काढायचं तर दुसरं कापावं लागतं, आणि कापल्याचा व्रण चेहऱ्यावर राहतो.

पुण्यातलं मेण

नाक आणि मेण यांची याहून जुनी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आलं. पुढे पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका वैद्याने त्याला नवं नाक करून दिलं. हा उपचार मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिला आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याचं वर्णन छापून आलं. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि पुढे युरोपात ती पसरली.

त्या वर्णनात मेण आहे. वैद्याने मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि मेण बाजूला केलं. नाक बनलं ते कपाळाच्या कातडीचं, आणि त्या कातडीचा रक्तपुरवठा चालू राहावा म्हणून भुवयांच्या मध्ये ती थोडी जोडलेली ठेवली. मेण फक्त मापाला वापरलं. आत गेलं ते माणसाचं स्वतःचं मांस. शंभर-सव्वाशे वर्षांनी युरोपातल्या नामवंत डॉक्टरांनी तेच मेण थेट कातडीखाली घातलं. उपकरणं सुधारली होती, सुई आली होती. पण आत घातलेल्या वस्तूशी शरीर पुढे कसं वागणार, हा विचार मागे पडला होता.

राजवाड्यातली डचेस

मेणानंतर ग्लॅडिसचं आयुष्य लगेच संपलं नाही. चेहऱ्याची पडझड सावकाश झाली, आणि तिची बुद्धी, तिचे मोठे निळे डोळे तसेच होते. ड्यूक आणि कॉन्सुएलो १९०६ मध्ये वेगळे झाले. ग्लॅडिस आणि ड्यूक यांचे संबंध वर्षानुवर्षं चालू राहिले. १९२१ मध्ये ड्यूकचा घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसमध्ये दोघांचं लग्न झालं. ती चाळीस वर्षांची होती.

ज्याची चौदाव्या वर्षी आस धरली तो राजवाडा मिळाला, पण सुख मिळालं नाही. संसार लवकरच विसकटला. ती राजवाड्यात छोटे स्पॅनियल कुत्रे पाळू लागली, त्यांची संख्या वाढत गेली. एकदा जेवणाच्या टेबलावर तिने पिस्तूल आणून ठेवल्याची कथा सांगितली जाते. १९३१ मध्ये ड्यूक राजवाडा सोडून गेला. १९३३ मध्ये तिलाही तो सोडावा लागला. घटस्फोट होण्यापूर्वीच १९३४ मध्ये ड्यूक वारला.

ब्लेनममध्ये तिचा चेहरा मात्र राहिला. १९२८ मध्ये कॉलिन गिल या चित्रकाराने राजवाड्याच्या प्रवेशद्वारावरच्या छतावर तिचे निळे डोळे रंगवले. १९३० च्या सुमाराला बागेत सिंहाचं धड आणि बाईचं तोंड असलेल्या मूर्ती बसवल्या, त्यांना तिचं रूप दिलं. पर्यटक आजही ते पाहतात. शिशाच्या त्या मूर्तीचं नाक सरळ आहे.

ग्लॅडिस पुढे चॅकोम नावाच्या खेड्यात जाऊन राहिली. तिथे ती डचेस म्हणून मिरवली नाही, मिसेस स्पेन्सर या नावाने राहिली. सोबतीला मांजरं होती. लोकांना टाळायची, दार बंद ठेवायची. १९६२ मध्ये तिला तिच्या इच्छेविरुद्ध नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज मनोरुग्णालयात हलवण्यात आलं. तिथे १९७५ मध्ये ह्यूगो व्हिकर्स हा तरुण तिला भेटायला जाऊ लागला. नव्वदी उलटलेल्या त्या बाईची स्मरणशक्ती आणि विनोदबुद्धी शाबूत असल्याचं त्याला दिसलं. पुढे त्याने तिचं चरित्र लिहिलं. १३ ऑक्टोबर १९७७ रोजी, शहाण्णव वर्षांची होऊन ती वारली.

तिच्या सगळ्या एकाकीपणाचं खापर मेणावर फोडणं बरोबर नाही. वडिलांनी केलेला खून, मोडलेलं घर, फसलेलं लग्न, हे घाव चेहऱ्यावर नव्हते. पण दर सकाळी आरशात दिसणाऱ्या एका चुकीची भर त्यात पडली होती, आणि ती पुसायची सोय नव्हती. दुःख सरतं, नवरा सोडता येतो, गाव बदलता येतं. तिच्या नाकातलं मेण मात्र कुणालाच काढता आलं नाही.

वय झालं की चेहऱ्यात काय होतं?

आजच्या फिलरकडे येण्याआधी चेहरा उतरतो म्हणजे काय होतं ते पाहू. जुन्या सुतळीच्या बाजेची आठवण करा. खाली लाकडी चौकट, त्यावर विणलेली सुतळी, वर गोधडी. चेहऱ्यात चौकट म्हणजे हाडं, सुतळी म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचे धागे, आणि गोधडी म्हणजे चरबीचे थर. वयाबरोबर तिन्ही बदलतात. डोळ्यांभोवतीचं आणि जबड्याचं हाड थोडं झिजतं, कोलॅजन कमी आणि सैल होतं, चरबी काही ठिकाणी आटते, काही ठिकाणी खाली ओघळते. म्हणून गाल बसतात, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते.

ऊन आणि विडी-सिगारेट ही झीज वाढवतात. आयुष्य उन्हात शेतात गेलेल्या माणसाच्या मानेची आणि पोटाची कातडी शेजारी शेजारी पाहिली की वयाचा वाटा किती आणि उन्हाचा किती ते कळतं. फिलर म्हणजे सैल झालेल्या बाजेवर एखादी जास्तीची घडी सरकवणं. त्याने खळगा भरतो. सुतळी पुन्हा नवी होत नाही. बोटॉक्स हा प्रकार यापेक्षा वेगळा: ते काही भरत नाही, आठी पाडणारा स्नायू काही महिने शिथिल करतं.

आजचे फिलर, एकेक करून

पॅराफिननंतर बराच काळ द्रव सिलिकॉन वापरलं गेलं. तेही शरीरात कायम राहतं, सरकतं, गाठी करतं. चेहरा किंवा शरीर भरण्यासाठी ते टोचायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कधीच मान्यता दिली नाही. कुणी स्वस्तात कायमचा उपाय म्हणून सिलिकॉन सुचवलं, तर ग्लॅडिसची हनुवटी आठवावी.

१९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा सुरकुत्यांसाठी एका फिलरला मान्यता मिळाली. ते गुरांच्या कातडीपासून काढलेलं कोलॅजन होतं. शरीर ते तीन-चार महिन्यांत पचवायचं. काहींना त्याची अॅलर्जी यायची, म्हणून आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. आता त्याची जागा दुसऱ्या पदार्थाने घेतली आहे.

तो पदार्थ हायल्युरोनिक अॅसिड. नावात अॅसिड असलं तरी ते जाळत नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यांतल्या पारदर्शक जेलीतून ते वेगळं काढलं. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत ते मुळातच असतं. पाण्यात टाकलेला सब्जा कसा फुगून बुळबुळीत होतो, तसं हे पाणी धरून ठेवतं. शुद्ध स्वरूपात ते काही दिवसांतच विरघळतं, म्हणून फिलरसाठी त्याचे धागे रासायनिक गाठींनी एकमेकांना जोडतात. आजचं बहुतेक हायल्युरोनिक अॅसिड प्राण्यांपासून नव्हे, जिवाणूंपासून तयार होतं. ते जागेनुसार आणि प्रकारानुसार साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे हायल्युरोनिडेझ नावाचं विकर टोचून ते विरघळवता येतं. आकार बिघडला किंवा रक्तवाहिनी अडली तर उतारा हाताशी असतो.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपेटाइट हा हाडात आणि दातात असणाऱ्या खनिजाचा प्रकार आहे. त्याचे सूक्ष्म गोल कण जेलमध्ये मिसळून टोचतात. ते घट्ट असतं, खोल भरायला उपयोगी पडतं आणि साधारण वर्षभर किंवा थोडं अधिक टिकतं. शरीर ते सावकाश पचवतं. पण हायल्युरोनिडेझने ते विरघळत नाही, आणि ओठांसारख्या पातळ, हलत्या जागी त्याच्या गाठी दिसण्याची शक्यता असते.

पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिड हे आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या कुळातलं. ते स्वतः भरण्यापेक्षा शरीराला नवं कोलॅजन बनवायला उद्युक्त करतं. म्हणून परिणाम लगेच दिसत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा टोचावं लागतं, मग तो दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. यालाही उतारा नाही. अमेरिकेत २००४ मध्ये याला पहिली मान्यता मिळाली ती सुरकुत्यांसाठी नव्हे, एचआयव्हीच्या रुग्णांसाठी. काही जुन्या औषधांमुळे त्यांच्या गालांतली चरबी आटायची आणि नुसत्या चेहऱ्यावरून लोक आजार ओळखायचे. फिलर म्हणजे केवळ नटवेपणा, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पीएमएमए हे हाडांच्या सिमेंटमध्ये आणि डोळ्यांच्या भिंगांत वापरलं जाणारं प्लास्टिक. त्याचे मणी शरीर कधीच पचवत नाही, म्हणून हे कायमचं फिलर. वर्षांनंतर गाठी आल्या तर ते कापूनच काढावं लागतं. चेहरा मात्र वयानुसार बदलत राहतो. चाळिशीत नेमकं बसलेलं भरण साठीत भलत्याच जागी दिसू शकतं.

शेवटचा पर्याय स्वतःच्याच चरबीचा: पोटाची किंवा मांडीची चरबी काढून चेहऱ्यात भरणं. परकेपणा नाही, पण ती किती टिकेल आणि किती जिरेल याचा नेमका अंदाज येत नाही. त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया लागते आणि चरबीसुद्धा रक्तवाहिनी अडवू शकते.

तुलनेचं सार असं, की जास्त टिकणारं म्हणजे जास्त चांगलं, हे भांड्यांना आणि चपलांना लागू आहे, फिलरला नाही. पहिल्यांदा करून घेणाऱ्यासाठी विरघळवता येणारं फिलर अधिक सुरक्षित ठरतं. त्याचा परिणाम उतरतो, ही त्याची उणीव धरली जाते. ग्लॅडिसला विचारलं असतं तर तिने तीच त्याची मोठी जमेची बाजू मानली असती.

डॉक्टरांना काय विचारायचं?

रक्तवाहिनीचा धोका मेणाबरोबर संपलेला नाही. कोणतंही फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर कातडी मरू शकते किंवा दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. सर्वांत जपण्याच्या जागा म्हणजे दोन भुवयांच्या मधला भाग आणि नाक. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. ग्लॅडिसने जिथे मेण टोचलं, तीच जागा आज विनाशस्त्रक्रिया नाक सरळ करण्याच्या नावाने लोकप्रिय झाली आहे.

म्हणून आधी खात्री करा, की टोचणारी व्यक्ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असलेली डॉक्टर आहे आणि तिला त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण आहे. ब्यूटी पार्लर ही या कामाची जागा नव्हे. सुई नसलेल्या पेनने फिलर घालण्याच्या प्रकाराविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला आहे. फिलरचं खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यावरचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा, लेबल आपल्या फाइलला लावून घ्या. हायल्युरोनिडेझ दवाखान्यात आत्ता, या क्षणी आहे का, हे स्पष्ट विचारा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, चेहऱ्यावर किंवा दातात जंतुसंसर्ग असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा.

टोचल्यानंतर तीव्र वेदना, कातडी पांढरी पडणं किंवा जाळीसारखे निळसर चट्टे, अंधूक दिसणं, पापणी पडणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्याचा रक्तपुरवठा थांबला तर हाताशी मोजकी मिनिटं असतात. जामखेड, पाथर्डी किंवा अकोल्याहून पुण्याला जाऊन इंजेक्शन घ्यायचं आणि लगेच संध्याकाळची एसटी पकडायची, हा बेत म्हणूनच चुकीचा. उपचारानंतर तो दिवस तरी त्या दवाखान्याजवळ काढावा आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवावा.

आणि यातलं काहीच नको असेल, तर तेही उत्तमच. उन्हात डोक्यावर पदर किंवा टोपी, जमेल तेव्हा सनस्क्रीन, आणि तंबाखूला रजा: कोलॅजन जपण्याचे हे उपाय स्वस्त आहेत आणि नको वाटले तर त्याच दिवशी थांबवता येतात. ज्याला फिलर हवंच आहे त्याने लाजण्याचं कारण नाही. फक्त सुईखाली चेहरा देण्याआधी, हे परत काढता येईल का, या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळवावं. उत्तर मिळालं नाही, तर खुर्चीतून उठून घरी यावं.